लिफ्ता: गावठाण उरलं, शिवाराचं शहर झालं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तेल अवीवहून येणारी बस शेवटचा चढ चढून जेरुसलेममध्ये शिरते. त्याच्या जरा आधी डावीकडच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर दरीच्या उतारावर दगडी घरं दिसतात. कुणाचं छप्पर फुटलेलं, कुणाच्या खिडक्यांच्या जागी नुसत्या कमानी, मध्ये अंजिराची आणि बदामाची झाडं. तेवढ्यात वळण येतं आणि समोर 2008 साली बांधलेला पांढऱ्या तारांचा पूल उभा राहतो. गाइड बोलायला लागतो तो त्या पुलाबद्दल. खालच्या घरांबद्दल कुणी विचारलं तर ‘जुने अवशेष’ एवढं उत्तर मिळतं. ते अवशेष म्हणजे लिफ्ता, 1948 मध्ये ओस पडलेलं अरब गाव. त्याच्याबद्दल मराठी वाचकांना पडतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

लिफ्ता नेमकं कुठे आहे?

जेरुसलेमच्या पश्चिम वेशीवर, जुन्या शहराच्या तटबंदीपासून साधारण पाच किलोमीटर. आजच्या महापालिका हद्दीच्या आत. वरून तेल अवीव–जेरुसलेम महामार्ग जातो, खाली सोरेक नदीच्या खोऱ्याचा वरचा भाग आहे. गाव वसलंय ते उत्तर बाजूच्या तीव्र उतारावर. मधोमध झरा.

गाव तर वेगळं दिसतं. मग ‘शहराने गिळलेलं’ का म्हणायचं?

कारण गाव म्हणजे नुसती घरं नव्हेत. गावठाण वेगळं आणि शिवार वेगळं, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. लिफ्त्याचं गावठाण दरीत ओस पडलेलं दिसतं. शिवार मात्र दिसत नाही, कारण त्यावर जेरुसलेम उभं आहे.

ब्रिटिश अमलाच्या 1945 च्या नोंदीत लिफ्त्याची जमीन 8,743 दुनम आहे. दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळपास दहा गुंठे. म्हणजे एकूण सुमारे 2,160 एकर. लोकसंख्या तेव्हा 2,250. जमीन पश्चिमेला कालुनिया गावाच्या शिवेपासून पूर्वेला थेट स्कोपस डोंगराच्या बाजूपर्यंत पसरलेली होती. जेरुसलेमचं जुनं शहर मधे सोडून त्याच्या डोक्यावरून अर्धं वर्तुळ काढावं, तसा तिचा आकार.

आज या जमिनीवर काय आहे? रोमेमा ही वस्ती. तिच्या कडेला शहराचं मध्यवर्ती बसस्थानक. गिवात शाऊलचा काही भाग. शेख बद्र नावाची टेकडी, जिच्या अंगाखांद्यावर परिषद-केंद्र आणि सरकारी इमारती आल्या. जेरुसलेमला बसने उतरणारा बहुतेक प्रत्येक माणूस पहिलं पाऊल ठेवतो ते लिफ्त्याच्या शिवारात, आणि त्याला ते ठाऊक नसतं.

म्हणून ‘शहराजवळचं एक पडकं गाव’ हे वर्णन मला पटत नाही. पडकं आहे ते फक्त गावठाण.

हे गाव किती जुनं?

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात यहूदा आणि बन्यामीन या दोन वंशांची हद्द सांगितली आहे. ती एका झऱ्यावरून जाते, नेफ्तोहाचा झरा. उल्लेख दोनदा येतो, पंधराव्या आणि अठराव्या अध्यायात. बहुतेक अभ्यासक हा झरा म्हणजे लिफ्त्याचाच झरा मानतात. हिब्रूत या जागेला आजही ‘मे नेफ्तोआह’, म्हणजे नेफ्तोहाचं पाणी, असंच म्हणतात.

यात एक गंमत आहे. गावाचा सगळ्यात जुना उल्लेख गाव म्हणून येत नाही, हद्दीची खूण म्हणून येतो. दोन वाटेकऱ्यांच्या मधली विहीर असावी तसा.

रोमन आणि बायझंटाइन काळात नाव ‘नेफ्थो’ झालं, युरोपातून आलेले ख्रिस्ती धर्मयोद्धे, म्हणजे क्रुसेडर, त्याला ‘क्लेप्स्ता’ म्हणत, अरबीत ते ‘लिफ्ता’ झालं. नाव झिजत गेलं, पण तुटलं नाही. गावाच्या मध्यभागी क्रुसेड काळातल्या एका इमारतीचे अवशेष आहेत, आणि नंतरची घरं त्यांना बिलगून, काही ठिकाणी त्यांच्यावरच चढून बांधलेली आहेत.

प्राचीन इजिप्तचा राजा, फेरो मेर्नेप्ता, याचा या झऱ्याशी संबंध आहे म्हणतात, ते खरं का?

तो तर्क आहे. इजिप्तच्या एका पपायरसमध्ये डोंगरमाथ्यावरच्या ‘मेर्नेप्ताच्या विहिरीं’चा उल्लेख येतो. ‘मे नेफ्तोआह’ हे त्याच नावाचं हिब्रू रूप असावं, असं काही अभ्यासक सुचवतात. ऐकायला फार छान वाटतं. पण नावांच्या साधर्म्यावर इतिहास उभा करताना हात जरा आखडताच ठेवावा.

इतकं जुनं, तर त्याला ‘अरब गाव’ कसं म्हणायचं? अरब तर सातव्या शतकात आले.

हा प्रश्न बहुधा भांडायच्या तयारीने विचारला जातो, पण उत्तर सरळ आहे. सातव्या शतकात राज्य बदललं, त्यानंतरच्या शतकांत हळूहळू भाषा बदलली आणि बहुसंख्यांचा धर्म बदलला. माणसं सगळीच्या सगळी वाळवंटातून उंटावर बसून आली नाहीत. पॅलेस्टाइनच्या डोंगराळ गावांत जुनी कुटुंबं, बाहेरून आलेली घराणी आणि मधल्या राजवटींचे अवशेष यांची सरमिसळ झाली, आणि तिची बोलण्याची भाषा अरबी ठरली.

कागदावर लिफ्ता स्पष्ट दिसतं ते ऑटोमन, म्हणजे तुर्की अमलाच्या काळात. 1596 च्या करनोंदीत इथे 72 मुस्लिम घरं आहेत. कर कशावर? गहू, बार्ली, ऑलिव्ह, फळबागा आणि द्राक्षमळे. साडेतीनशे वर्षांनी इंग्रजांनी गाव मोजलं तेव्हाही पिकांची यादी फारशी निराळी नव्हती.

गाव जगत कशावर होतं?

पाण्यावर. जेरुसलेम हे पाण्याला तहानलेलं शहर. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि उन्हाळा काढायचा, ही तिथली शतकानुशतकांची रीत. अशा शहराच्या उंबऱ्याशी बारमाही झरा असणं म्हणजे केवढी चैन! झऱ्याचं पाणी हौदात, हौदातून दगडी पाटाने खालच्या बागांत, असा उतरत्या पायऱ्यांच्या शेतीचा पट्टा होता. फ्रेंच प्रवासी व्हिक्तोर गेरँ 1863 साली इथे आला, त्याने लिंबू, संत्री, अंजीर, डाळिंब, बदाम आणि जर्दाळूच्या बागांची नोंद केली आहे. भाजी आणि फळं शहराच्या बाजारात जात. ऑलिव्हचं तेल काढायचा घाणा गावातच होता.

शहर जवळ असल्याचा दुसरा फायदा म्हणजे पैसा. जेरुसलेमच्या आसपासच्या गावांत लिफ्ता सधन गणलं जाई. ते सगळ्यात ठसठशीत कुठे दिसतं, तर बायकांच्या कपड्यांत.

लिफ्त्यात नवरीचा एक खास पायघोळ झगा शिवला जाई, त्याला ‘थोब घबानी’ म्हणत. घबानी हे सुती कापड अलेप्पोहून यायचं, त्यावर सोनेरी रेशमाने फुलं भरलेली असायची. झगा इतर गावांपेक्षा अंगाला जरा बेताचा, बाह्या मनगटाकडे निमुळत्या, छातीवर आणि दोन्ही कुशींना रेशमाचे तुकडे जोडलेले. बेथलेहेमच्या नवऱ्यासुद्धा हे झगे इथून मागवत. लग्न झालेल्या बाईच्या डोक्यावर ‘शतवे’ नावाची उंच, शंकूच्या आकाराची टोपी असे. अशी टोपी लिफ्त्याशिवाय बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूर आणि एन करेम एवढ्याच ठिकाणच्या बायका घालत. बाजारात टोपी पाहूनच कळायचं, बाई कुठल्या बाजूची.

घरं एवढी टिकली कशी?

भिंती जाड, दगड तिथलाच, आणि माथ्यावर लाकूड नाहीच. जेरुसलेमच्या डोंगरात मोठं इमारती लाकूड मिळत नाही, त्यामुळे छत म्हणजे दगडाचा घुमट किंवा एकमेकांना छेदणाऱ्या कमानी. वरून माती आणि चुना घालून ते सपाट करायचं. संध्याकाळी बसायला, अंजीर वाळवायला तीच गच्ची. खालच्या मजल्यावर जनावरं आणि धान्य, वर माणसं. उतार इतका की खालच्या घराची गच्ची ही वरच्या घराचं अंगण. वाळवी लागायला लाकूड नाही, पेटायला गवत नाही. म्हणून बहुतेक घरांत पन्नासहून जास्त वर्षं कुणी दिवा लावला नाही तरी पन्नासएक घरं उभी आहेत.

शहर गावापर्यंत पोचलं कधी?

एका दिवसात नाही. आणि ही गोष्ट 1948 पासून सुरू करणं चूक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जेरुसलेम तटबंदीच्या आत राहत होतं. रात्री दरवाजे बंद होत. बाहेर पडणाऱ्या पहिल्या काही लोकांत योहान लुडविग श्नेलर नावाचा जर्मन मिशनरी होता. त्याने लिफ्त्याच्या बाजूची जमीन घेतली आणि 1860 साली तिथे अनाथाश्रम काढला. लेबनॉन आणि सीरियातल्या दंगलींत पोरकी झालेली मुलं त्याने तिथे आणली. पुढे तिथे छापखाना आणि निरनिराळ्या धंद्यांचं शिक्षण सुरू झालं.

मग रस्ता आला. याफा बंदरापासून जेरुसलेमपर्यंतची वाट 1860 च्या दशकाच्या अखेरीला गाड्या जातील अशी बांधून काढली गेली, आणि ती लिफ्त्याच्या वरच्या अंगाने जात होती. रस्ता आला की काय होतं, हे कोणत्याही हमरस्त्यालगतच्या शेतकऱ्याला विचारा. दरीतलं गाव हळूहळू वर सरकायला लागलं. ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांनी याफा रस्त्यालगत नवी घरं बांधली, काहींनी ती भाड्याने दिली. या भागाला वरचं लिफ्ता म्हणू लागले. दुसऱ्या बाजूने शहर खाली येत होतं. 1906 मध्ये गिवात शाऊल, 1921 मध्ये रोमेमा. दोन्ही ज्यू वस्त्या, जमीन या परिसरातल्या गावांकडून घेतलेली.

1922 च्या खानेसुमारीत लिफ्त्याची लोकसंख्या 1,451 होती, 1931 मध्ये 1,893. म्हणजे शहर अंगावर येत असताना गाव आक्रसत नव्हतं, वाढत होतं. चाळीसच्या दशकात तिथे मुलांची शाळा होती, मुलींची शाळा होती, कॉफीची दुकानं होती, मंडळ होतं. 1948 झालं नसतं तर लिफ्ता बहुधा शहराचं एक चांगलं उपनगर झालं असतं, खाली जुनं गाव आणि वर नवी पेठ. हा माझा अंदाज आहे. पण गावाची पावलं त्याच दिशेने पडत होती.

1917 मध्ये जेरुसलेमची शरणागती लिफ्त्यात झाली म्हणतात?

लिफ्त्याच्या शिवारात झाली, असं म्हणा. 9 डिसेंबर 1917 च्या सकाळी ऑटोमन सैन्य निघून गेलेलं होतं. महापौर हुसेन अल-हुसेनी शहर कुणाच्या तरी ताब्यात द्यायला म्हणून पश्चिमेकडे निघाले. पांढरं निशाण हवं, म्हणून इस्पितळातली पलंगावरची चादर काठीला बांधलेली. वाटेत भेटले दोन इंग्रज सार्जंट. त्यांनी शरणागती घ्यायला नकार दिला, कारण तो त्यांचा अधिकारच नव्हता. मग वरच्या, त्याहून वरच्या अधिकाऱ्याची वाट पाहत तोच सोहळा पुन्हा पुन्हा करावा लागला. हजारो वर्षांच्या शहराच्या किल्ल्या घेऊन उभा असलेला माणूस आणि ‘साहेब येतील, थांबा’ म्हणणारी रांग! या घटनेचं स्मारक आज रोमेमात एका चौकात उभं आहे. आजूबाजूला इतक्या इमारती झाल्यात की ते शोधावं लागतं.

लिफ्त्यात लढाई कधी झाली होती का?

हो, 1834 मध्ये. इजिप्तचा इब्राहिम पाशा तेव्हा पॅलेस्टाइनवर राज्य करत होता. सक्तीची लष्करभरती आणि कर यांविरुद्ध शेतकरी उठले. शेख कासिम अल-अहमद यांच्या बंडखोरांशी पाशाच्या फौजेची एक चकमक लिफ्त्यात झाली.

गावकऱ्यांनीच जमिनी विकल्या होत्या, असं वाचलं. मग तक्रार कसली?

काहींनी विकल्या होत्या, यात लपवण्यासारखं काही नाही. शहरालगतच्या जमिनीचा भाव चढला की कुणीतरी विकतोच, मग ती मिशनऱ्याला असो, चर्चला असो की ज्यू वसाहतीला. पण आकडा बघा. 1945 च्या त्याच नोंदीत 8,743 पैकी ज्यू मालकीचे दुनम 756 आहेत. शेकड्याला नऊसुद्धा नाहीत. अरब मालकी 7,780 दुनम, उरलेली जमीन सार्वजनिक. नव्वद वर्षांच्या खरेदी-विक्रीने जेवढं गेलं त्याच्या कितीतरी पट जमीन पुढे हातची गेली, आणि त्याला खरेदीखत नव्हतं.

1947-48 मध्ये नेमकं काय घडलं?

29 नोव्हेंबर 1947 ला संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला. जेरुसलेम ज्यू किंवा अरब, कुणालाच न देता आंतरराष्ट्रीय ठेवायचं होतं. दुसऱ्याच दिवसापासून हिंसा सुरू झाली.

लिफ्त्याची अडचण त्याच्या जागेत होती. तेल अवीवकडून जेरुसलेमच्या ज्यू वस्त्यांना येणारा अन्नधान्याचा आणि माणसांचा एकच मोठा रस्ता, आणि त्याच्या तोंडाशी वरचं लिफ्ता, रोमेमातली अरब घरं आणि शेख बद्र. ज्यूंच्या हगाना या सशस्त्र संघटनेला भीती होती की इथून गाड्यांच्या तांड्यांची खबर बाहेर जाते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोमेमातल्या पेट्रोल पंपाच्या अरब मालकाला याच संशयावरून मारलं गेलं. दुसऱ्या दिवशी ज्यूंच्या बसवर बॉम्ब पडला. गावात बाहेरचे सशस्त्र अरबही येऊन राहिले होते.

28 डिसेंबरला लिफ्त्यातल्या एका कॉफीच्या दुकानावर ज्यू सशस्त्र गटाने मशीनगन आणि हातबॉम्बने हल्ला केला. सहा जण ठार, सात जखमी. दुकानात होते ते संध्याकाळी कॉफी प्यायला बसलेले लोक. त्यानंतर बायकामुलं निघायला लागली. घरांवर हल्ले, घरं उडवणं, धमक्या चालू राहिल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत गाव रिकामं झालं होतं. 7 फेब्रुवारी 1948 ला पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले डेव्हिड बेन-गुरियन यांनी आपल्या पक्षाच्या बैठकीत सांगितलं, की लिफ्ता आणि रोमेमातून शहरात शिरताना आता एकही अरब दिसत नाही, शंभर टक्के ज्यू.

तारखा नीट बघा. इस्रायल देश म्हणून जाहीर झाला 14 मे 1948 ला, आणि अरब देशांच्या फौजा त्यानंतर आत आल्या. लिफ्ता ओस पडलं ते त्याच्या तीन महिने आधी. ‘युद्धात गावकरी पळाले’ हे वाक्य लिफ्त्याला लागू करताना आधी हा क्रम सांगावा लागतो.

देर यासीन म्हणजे लिफ्ताच का?

नाही. देर यासीन हे दक्षिणेला लागूनच असलेलं गाव. तिथलं हत्याकांड 9 एप्रिल 1948 चं, शंभरावर माणसं मारली गेली. लिफ्त्याचे लोक तोवर निघून गेलेले होते. पण त्या बातमीनंतर परत यायचं धाडस कोण करणार!

गावकरी गेले कुठे?

बरेचसे रामल्लाह आणि पूर्व जेरुसलेमला, बरेचसे जॉर्डनला, पुढच्या पिढीत काही अमेरिकेला. विचित्र गोष्ट पूर्व जेरुसलेमच्या लोकांची. 1967 च्या युद्धानंतर शहराचे दोन भाग करणारी सरहद्द उठली आणि एकोणीस वर्षांनी ते चालत जाऊन आपलं घर पाहू शकले. पाहू शकले, एवढंच. 1950 च्या गैरहजर मालमत्ता कायद्याने त्यांची घरं सरकारी ताब्यात गेलेली होती. मालक त्याच शहरात राहतो, त्याच महापालिकेला कर भरतो, आणि कायद्याच्या लेखी तो गैरहजर असतो.

त्यानंतर घरांत कोण राहिलं?

येमेनमधून आणि इराकच्या कुर्दिस्तानातून आलेली ज्यू कुटुंबं. सरकारने त्यांना इथे उतरवलं तेव्हा ना वीज, ना नळाचं पाणी, ना धड रस्ता. आपला देश मागे टाकून आलेल्या माणसांना दुसऱ्याच्या रिकाम्या घरात ठेवलं, आणि तेही शहरातल्या लोकांना नको असलेल्या घरात. त्यांच्या गोष्टीकडे दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष होतं. 1970 च्या आसपास त्यातली बहुतेक कुटुंबं दुसरीकडे गेली. रस्त्याच्या बाजूची थोडी कुटुंबं मात्र तिथेच राहिली. त्यांतल्या शेवटच्यांनी 2017 मध्ये नुकसानभरपाई घेऊन घरं सोडली.

छतांना मधोमध भोकं का आहेत? बॉम्बमुळे?

नाही. ती मुद्दाम पाडलेली आहेत. येमेनी आणि कुर्द कुटुंबं गेल्यावर रिकाम्या घरांत पुन्हा कुणी शिरू नये म्हणून घुमटांना वरून भगदाडं पाडली गेली.

आत उभं राहून वर पाहिलं की ते लक्षात येतं. घुमटाचे दगड एका मध्याकडे झुकत, वर्तुळ लहान लहान करत येतात, आणि जिथे कळीचा दगड असायला हवा तिथे आभाळ. खाली फरशीवर त्याच दगडांचा ढीग, ढिगातून उगवलेलं अंजिराचं झाड. भिंतीत कोनाडे तसेच आहेत, गाद्या आणि दिवे ठेवायचे. बॉम्बने घर असं फुटत नाही. इतक्या नेमक्या जागी घाव घालायचा तर घर कसं बांधलंय हे आधी समजून घ्यावं लागतं.

सगळी गावं पाडली, मग हेच का राहिलं?

1948 मध्ये ओस पडलेल्या गावांची संख्या चारशेहून जास्त आहे. बहुतेक जमीनदोस्त झाली, काहींत नवे लोक कायमचे राहिले. लिफ्ता या दोन्हींतून निसटलं. उतार फार तीव्र असल्यामुळे तिथे नव्या इमारती घालणं सोयीचं नव्हतं, आणि जुनी घरं राहण्यायोग्य करण्याइतका खर्च कुणी केला नाही. सपाटीवर असलेलं वरचं लिफ्ता मात्र शहरात विरघळून गेलं. तिथली काही जुनी दगडी घरं आणि शाळेची इमारत अजून ओळखू येते. बाकी शोधत फिरावं लागतं.

तिथे बंगले बांधणार होते, त्याचं काय झालं?

2006 मध्ये मंजूर झालेल्या योजनेचा क्रमांक 6036. दरीत 212 आलिशान घरं, हॉटेल, दुकानं. जुनी घरं पाडायची नाहीत, ‘नूतनीकरण’ करून त्यांच्यात नवी मिसळायची. माजी गावकऱ्यांचे वंशज, इस्रायली वास्तुरचनाकार, निसर्गप्रेमी असे एरवी एका खोलीत न बसणारे लोक याविरुद्ध एकत्र आले. फेब्रुवारी 2012 मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने निविदा रद्द केली. आधी जागेची नीट पाहणी करा, मग बोला, असा त्याचा अर्थ. पुरातत्त्व खात्याने त्यानंतर घरन् घर मोजलं.

2015 मध्ये इस्रायलनेच लिफ्त्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत घातलं, ‘पारंपरिक डोंगरी गाव’ म्हणून. 2018 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. तरी मे 2021 मध्ये जमीन प्राधिकरणाने पुन्हा निविदा जाहीर केली. पुन्हा विरोध, पुन्हा माघार. एकाच जागेला वारसा म्हणून मिरवणं आणि भूखंड म्हणून विकायला काढणं, हे एकाच सरकारला जमतं. आपल्याला त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

जेरुसलेमने आणखी कुठली गावं पोटात घेतली?

पुष्कळ, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. वसई-मुंबईहून जाणारे ख्रिस्ती यात्रेकरू एन करेमला जातात, योहान बाप्तिस्त्याचं जन्मगाव म्हणून. तेही 1948 पर्यंत अरब गाव होतं. तिथल्या घरांत नवे लोक राहिले, म्हणून ते आज नटलेलं दिसतं. मालहाच्या शिवारात मॉल आणि फुटबॉलचं मैदान झालं. देर यासीनच्या उरलेल्या घरांत मनोरुग्णालय आहे. 1967 नंतर इस्रायलने पूर्वेकडचा सुमारे 70 चौरस किलोमीटरचा पट्टा शहराला जोडला, त्यात सिलवान, शुफात, इसाविया, सूर बाहिर अशी अठ्ठावीस गावं किंवा त्यांच्या जमिनी आल्या. ती माणसांसकट शहरात आली. लिफ्ता आलं ते माणसांशिवाय.

आज तिथे कोण येतं?

झऱ्याच्या हौदात डुंबायला शहरातली पोरं येतात. यात कर्मठ ज्यू घरांतली पुष्कळ, काळे कोट आणि टोप्या काठावरच्या दगडावर रचून ठेवलेल्या. सायकलवाले, कुत्री फिरवणारे, फोटो काढणारे. आणि अधूनमधून एखादं अरब कुटुंब, आजोबा काठीने दाखवतायत आणि नातवंडं मोबाइलवर टिपतायत. एकमेकांशी कुणी फारसं बोलत नाही. पाणी अजून थंड आहे.

मला जायचं असेल तर?

मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत वीसेक मिनिटं. महामार्गाच्या कडेने उतरणारी पायवाट आहे, तिकीट नाही. पादत्राणं चांगली घाला, दगड गुळगुळीत झालेत. घरांच्या गच्चीवर चढू नका, भोकं गवताखाली दिसत नाहीत. पाण्याची बाटली घ्या, परत येताना सगळा चढ आहे. जायचं तर जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत जा, तेव्हा बदाम फुलतात. ते कुणी लावले ते नोंदवलेलं नाही, दरवर्षी फुलतात एवढं खरं.

पाटीवर नाव काय शोधायचं?

हिब्रू पाटीवर बहुधा ‘मे नेफ्तोआह’. टॅक्सीवाल्याला मात्र ‘लिफ्ता’ सांगा, तो अरब असो वा ज्यू, लगेच कळतं.